टीव्ही गेम विंडोजवरून लिनक्सवर: अमळनेरच्या नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर 2025

मशीन: इंटेल कोअर आय3-2120, एच61 चिपसेटचा बोर्ड, 4 जीबी डीडीआर3 रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क, वर विंडोज 10. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच एचडी 2000. पडदा म्हणून 32 इंची टीव्ही, 1366×768. मशीन गल्लीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मुलांसाठी. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि हा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, म्हणून हा बदल. विंडोजवर रेट्रोआर्क चालत होतं, म्हणजे जुन्या गेम मशीनांची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारा प्रोग्राम (एम्युलेटर). लिनक्सवरही तेच ठेवायचं होतं.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांत टाकायची, आणि लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्यायचं. त्याच चुकीत आमचा एक अख्खा दिवस गेला, ते पुढे येईलच.

रविवार, 2 नोव्हेंबर

आधी पेटी उघडली. विंडोजवर गेम वीसेक मिनिटांनी अडखळायचा आणि दोष एम्युलेटरवर जायचा. खरं कारण हीटसिंकमध्ये सापडलं. पट्ट्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसला होता. जिनिंगच्या हंगामात अमळनेर, चोपडा, धरणगाव या पट्ट्यात उघड्या खिडकीच्या खोलीत ठेवलेल्या मशीनचं हेच होतं. नुसत्या ब्लोअरने तो थर निघत नाही. फॅनचे चार स्क्रू काढून फॅन बाजूला केला आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने पट्टी पट्टी मोकळी केली. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं.

थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ती पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली. बायोसमध्ये काही न चालवता 71 अंश दिसायचं, आता 46. बोर्डावरचा सीआर2032 सेलही बदलला. तो मेलेला असला की तारीख मागे जाते, आणि मग इंटरनेटवरून काहीही उतरवताना सुरक्षा प्रमाणपत्राची चूक दाखवून काम अडतं. माणूस नेटवाल्याला फोन करत बसतो.

सोमवार, 3 नोव्हेंबर

नवी 128 जीबी एसएसडी लावली, जुनी हार्ड डिस्क दुसरी म्हणून तशीच ठेवली. 4 जीबीची जुनी रॅमपट्टी जोडून रॅम 8 केली. लिनक्स मिंट 22, एक्सएफसीई आवृत्ती. मिंट घ्यायचं कारण एकच: त्यात फ्लॅटपॅक (प्रोग्राम टाकायची एक वेगळी पद्धत) आणि फ्लॅटहब (त्या प्रोग्रामांचं ऑनलाइन भांडार) आधीपासून जोडलेलं येतं. पेन ड्राइव्ह तयार करण्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं लागली. यात सांगण्यासारखी अडचण आली नाही.

बुधवार, 5 नोव्हेंबर

पहिली चूक. घाईत "सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल रेट्रोआर्क" असं टाकून मोकळे झालो (लिनक्सच्या नेहमीच्या भांडारातून प्रोग्राम टाकायची ही आज्ञा). रेट्रोआर्क सुरू झालं, पण ऑनलाइन अपडेटरमध्ये कोअर, म्हणजे एकेका गेम मशीनची नक्कल करणारा भाग, उतरवायचा पर्यायच नाही. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये तो मुद्दाम बंद केलेला असतो. कोअर अ‍ॅप्टमधूनच वेगवेगळे घ्यायचे, अशी तिथली रीत. नेस्टोपिया, जेनेसिस प्लस जीएक्स, एमजीबीए, बीटल पीएसएक्स हे सगळे मिळतात, पण एफसीईयूएमएम नव्हता. आणि आपल्याकडच्या 60 पिनी "अमुक इन वन" कॅसेटसाठी तोच बरा. त्या कॅसेटमध्ये गेम बदलणारी जी सर्किटं असतात, त्यांना मॅपर म्हणतात. ती मूळ कंपनीची, म्हणजे निन्टेंडोची, नाहीत, आणि अशा बिनपरवाना मॅपरांचा मोठा साठा एफसीईयूएमएममध्ये आहे.

म्हणून अ‍ॅप्टचं काढून फ्लॅटपॅकचं टाकलं: "फ्लॅटपॅक इन्स्टॉल फ्लॅटहब ओआरजी.लिब्रेट्रो.रेट्रोआर्क". सोबत रनटाइम, म्हणजे त्याला चालायला लागणारा फाइलींचा संचही उतरतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम काढू नका, दिवसाचा डेटा तिथेच संपतो. कोअर डाउनलोडर चालू मिळाला.

दुसरी अडचण लगेच आली. अ‍ॅप्टच्या वेळी केलेली सेटिंगं नव्यात दिसेनात, कारण फ्लॅटपॅकचं फोल्डर वेगळं असतं. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा. मग डॉट-व्हार, त्यात अ‍ॅप, त्यात रेट्रोआर्कच्या पूर्ण नावाचं फोल्डर, पुढे कॉन्फिग, पुढे रेट्रोआर्क. सिस्टिम, सेव्हज, स्टेट्स हे सगळं तिथे. बायोस फाइल (प्लेस्टेशनसारख्या मूळ गेम मशीनच्या आतला प्रोग्राम, कॉम्प्युटरचा बायोस नव्हे) चुकून डॉट-कॉन्फिगमधल्या जुन्या जागी टाकली तर फ्लॅटपॅकला ती कधीच सापडणार नाही. जुनं फोल्डर आम्ही पुसूनच टाकलं, म्हणजे गोंधळ नको.

शनिवार, 8 नोव्हेंबर

व्हिडिओ ड्रायव्हर. विंडोजवर "ग्राफिक्स म्हणजे वल्कन" अशी सवय लागलेली असते, म्हणून इथेही वल्कन (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची एक नवी पद्धत) निवडलं. मेनू उघडला, चुका काही दाखवल्या नाहीत, पण साधा 8 बिट गेम रांगायला लागला आणि चारही थ्रेड शंभर टक्क्यांवर. लॉगमध्ये ग्राफिक्सच्या नावाच्या जागी "एलएलव्हीएमपाइप" लिहिलं होतं. म्हणजे चित्र ग्राफिक्स चिप काढत नव्हती, प्रोसेसर काढत होता. एचडी 2000 ला वल्कन ड्रायव्हरच नाही. लिनक्स अशा वेळी सॉफ्टवेअर वल्कन पुढे करतं आणि गप्प राहतं. "चालतंय पण हळू" असं दिसलं की आधी हे नाव तपासा.

ड्रायव्हर बदलून जीएलकोअर (ओपनजीएल या जुन्या पद्धतीवर चालणारा) केला, आणि इथे लिनक्सचा खरा फायदा दिसला. याच चिपला विंडोजवर ओपनजीएल 3.1 पर्यंतच आधार होता, त्यामुळे तिथे जीएलकोअर सुरू होत नसे. लिनक्सवर मेसा (तिथले ग्राफिक्स ड्रायव्हर) तिलाच 3.3 देतं. "जीएलएक्सइन्फो -बी" या आज्ञेने खात्री होते, त्यासाठी मेसा-युटिल्स हे पॅकेज लागतं. जुन्या टीव्हीच्या रेघांचा हलका शेडर (चित्राचं रूप बदलणारा छोटा प्रोग्राम) आता 60 फ्रेमवर न अडखळता चालतो. दहा-दहा टप्प्यांचे जड शेडर मात्र या चिपला झेपत नाहीत, ते लावू नका.

रविवार, 9 नोव्हेंबर

गेमचं फोल्डर जुन्या हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये होतं. तिथूनच गेम चालू केले, चालले. सेव्ह मात्र होईना. सेव्हचं फोल्डर आम्ही तिथेच दिलं होतं आणि ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती जोडली गेली होती. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीची) ड्राइव्ह खुणा ठेवून बंद होते, आणि लिनक्स धोका नको म्हणून तिच्यावर लिहीत नाही. विंडोज एकदा सुरू केलं, पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद केलं, नीट शटडाउन केलं, मग लिनक्समध्ये ड्राइव्ह लिहिती झाली.

तरीही गेम तिथे ठेवले नाहीत. सगळं एसएसडीवर हलवलं. जुन्या सेव्ह फाइली, म्हणजे एसआरएम, त्याच कोअरमध्ये जशाच्या तशा चालतात. पण नव्या रेट्रोआर्कमध्ये "सेव्ह कोअरच्या नावाच्या फोल्डरात ठेवा" हा पर्याय चालू होता आणि फाइली थेट सेव्हज फोल्डरमध्ये पडल्या होत्या, म्हणून प्रत्येक गेम कोऱ्यापासून सुरू होत होता. कोअरच्या नावाची उपफोल्डरं करून त्यांत फाइली टाकल्या. सेव्ह स्टेटचा, म्हणजे गेमची त्या क्षणाची स्थिती जपणाऱ्या फाइलींचा, भरवसा धरू नका, कोअरची आवृत्ती बदलली की त्या उघडतीलच असं नाही.

बुधवार, 12 नोव्हेंबर

हाच तो वाया गेलेला दिवस. प्लेस्टेशनचे सहा गेम विंडोजवर चालत होते, इथे एकही नाही.

कारणं दोन, मूळ एकच. विंडोजला फाइलीच्या नावात मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. बायोस फाइलीचं नाव आमच्याकडे सगळं मोठ्या अक्षरांत होतं, आणि बीटल पीएसएक्स कोअर "एससीपीएच5502.बिन" हे सगळं लहान अक्षरांत शोधतो. आपल्या पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) मशीनला 5502 लागते, अमेरिकन डिस्कला 5501, जपानीला 5500. प्रत्येक फाइल बरोबर 5,24,288 बाइटची असते. आकार वेगळा असेल तर फाइल खराब. कोअर लोड करून इन्फर्मेशनमध्ये कोअर इन्फर्मेशन उघडलं की फर्मवेअरची यादी दिसते. कुठली फाइल हजर, कुठली गायब, ते तिथेच लिहिलेलं असतं. हे पान पहिल्या दहा मिनिटांत उघडलं असतं तर दिवस वाचला असता.

दुसरं कारण क्यू फाइलीत. गेमच्या डिस्कची प्रत बिन फाइलीत असते आणि तिची मांडणी क्यू फाइलीत. ही साधी मजकुराची फाइल असते, पहिल्याच ओळीत बिन फाइलीचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलेलं. आत नाव मोठ्या अक्षरांत, डिस्कवरची फाइल लहान अक्षरांत, झालं, गेम उघडत नाही. सहाही क्यू फाइली टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आतलं नाव फाइलीच्या नावाशी अक्षरशः जुळवलं. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा नडते, एका फाइलीत तीच होती.

रविवार, 16 नोव्हेंबर

जॉयपॅड. साडेतीनशे रुपयांचे दोन यूएसबी पॅड, एकसारखे. जोडलेली यूएसबी साधनं दाखवणाऱ्या "एलएसयूएसबी" आज्ञेत ओळख 0079:0006 दिसली. स्वस्त पॅडांत ही चिप फार आढळते, आणि लिनक्स तिला वेगळा ड्रायव्हर न टाकता ओळखतं.

एका पॅडवर दिशा चालत होत्या, दुसऱ्यावर नाही. पॅड खराब समजून बदलून आणायला निघालोच होतो. मग पॅड तपासायचा प्रोग्राम जेएसटेस्ट-जीटीके उघडून पाहिलं. पॅडच्या मध्यावर "अ‍ॅनालॉग" बटण आणि लाल दिवा असतो. दिवा बंद असताना दिशेची फुली अक्ष म्हणून (काडीच्या हालचालीसारखी) कळवली जाते, दिवा चालू असताना हॅट म्हणून (दिशाबटणांचा वेगळा प्रकार). रेट्रोआर्कची तयार मांडणी यांपैकी एकच धरते. दोन्ही पॅडचे दिवे सारखे केले, मांडणी एकदा हाताने नेमली आणि "सेव्ह कंट्रोलर प्रोफाइल" केलं. मुलांचा हात त्या बटणावर जातोच, म्हणून त्यावर चिकटपट्टी.

एकसारखे पॅड असले की कोण पहिला, कोण दुसरा हे यूएसबी पोर्टवर ठरतं. पोर्टांना आणि पॅडांना लाल-निळी पट्टी लावली. टर्बो बटण हवं असेल तर इनपुटमध्ये टर्बो फायर चालू करा. जुन्या पॅडवर ते वेगळं बटण होतं, आणि त्याशिवाय विमानाचे गेम खेळायला मुलं तयार नाहीत.

शनिवार-रविवार, 22-23 नोव्हेंबर

या दोन दिवसांचं काम सगळ्यांत मोलाचं. कॅसेटचे गेम चालत होते, पण ज्यांनी ते लहानपणी खेळले त्या प्रत्येकाने सांगितलं की वेग जास्त वाटतो आणि गाणं घाईत वाजतं. त्यांचं बरोबर होतं.

भारतात टीव्ही पाल पद्धतीचे, 50 हर्ट्झचे. आपल्याकडे 1990 च्या दशकात जे कॅसेटवाले टीव्ही गेम घरोघरी होते, ते फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी मशीनच्या नकला. अशा पाल नकलांची चिप ना जपानी फॅमिकॉमसारखी, ना युरोपातल्या पाल मशीनसारखी. चित्र सेकंदाला 50 वेळा, पण प्रोसेसरचा वेग 1.773 मेगाहर्ट्झ. जपानी-अमेरिकन मशीनचा 1.790, युरोपी पालचा 1.663. परिणाम असा: हालचाल आणि गाण्याची लय फ्रेमवर बांधलेली, म्हणून सहाला पाच या प्रमाणात सावकाश. सुराची पट्टी प्रोसेसरवर, म्हणून जेमतेम एक टक्का खाली. एम्युलेटरमध्ये नुसतं "पाल" निवडलं तर पट्टी बरीच उतरते, काही गेमची चित्रं फाटतात. "एनटीएससी" (जपान-अमेरिकेतली 60 हर्ट्झची पद्धत) निवडलं तर सगळं घाईत. आपल्या कॅसेटसाठी योग्य पर्याय "डेंडी". हे रशियात गाजलेल्या अशाच एका नकलेचं नाव. एफसीईयूएमएममध्ये गेम चालू असताना कोअर ऑप्शन्समध्ये रीजन, तिथे डेंडी. नेस्टोपियामध्येही हा पर्याय आहे.

डेंडी लावल्यावर लय बरोबर आली, पण चित्र हिसके देऊ लागलं. टीव्हीला 60 हर्ट्झ जात होते आणि गेम 50 फ्रेमचा. दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते. पळणाऱ्या जमिनीत ते लगेच जाणवतं. टीव्हीलाच 50 दिले पाहिजेत. डिस्प्ले सेटिंगमध्ये 1366×768 ला 50 चा पर्याय नव्हता, 1280×720 ला होता. हा आकार तसाही सोयीचा, 240 ओळींची तिप्पट बरोबर 720, त्यामुळे इंटिजर स्केल (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू करता येतं. टीव्ही स्वतः 720 चे 768 करतो म्हणून कडा किंचित मऊ दिसतात. हालचाल सुरळीत होण्यासाठी तेवढं सोसलं. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" लावा, नाहीतर चारही बाजू कापल्या जातात आणि वरचा स्कोअर दिसत नाही.

पुढची चूक: टीव्ही 50 वर ठेवून 60 फ्रेमचे गेम चालवले. सगळे हळू, आणि आवाज तुटक. म्हणून दोन कॉन्फिग फाइली केल्या. एकीत व्हर्टिकल रिफ्रेश रेट 50, दुसरीत 60. डेस्कटॉपवर दोन आयकॉन, प्रत्येकामागे तीन ओळींची स्क्रिप्ट: आधी एक्सरँडर या आज्ञेने टीव्हीचा दर बदल, मग त्या कॉन्फिगसह रेट्रोआर्क चालव, संपल्यावर दर पुन्हा 60. "कॅसेट" आयकॉन 50 चा, "बाकी" 60 चा. पाल प्लेस्टेशन डिस्कही 50 च्याच आयकॉनवरून चालवायच्या.

बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा उशीर याच दिवशी कमी केला. सर्वांत मोठा फरक टीव्हीच्या गेम मोडने पडला, तो विनाखर्च. त्यानंतर रन-अहेड, म्हणजे एम्युलेटरने काही फ्रेम पुढचं आधीच काढून गेमच्या आतला उशीर लपवणं. गेम चालू असताना पी दाबून थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा, के दाबून एकेक फ्रेम पुढे न्या. उडी कितव्या फ्रेमला दिसते त्यातून एक वजा करा, तेवढंच रन-अहेड. जास्त दिलं तर हालचाल मधूनच उड्या मारते.

शनिवार, 29 नोव्हेंबर

जवळच्या मूळ प्लेस्टेशन डिस्कच्या प्रती काढल्या. "हजार गेम" भरून विकले जाणारे पेन ड्राइव्ह घेतले नाहीत, घ्यायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं. साधन सीडीआरडीएओ हा प्रोग्राम, जुना डीव्हीडी रायटर पुरतो. आज्ञा रीड-सीडी, सोबत रीड-रॉ, ड्रायव्हर जेनेरिक-एमएमसी. दोन डिस्क नीट आल्या. तिसरीत गेम चालला, पण संगीताच्या जागी कर्कश खरखर. डिस्कवर संगीत वेगळे ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं आणि त्यांचे बाइट उलट क्रमाने लिहिले गेले होते. ड्रायव्हरच्या नावापुढे कोलन देऊन शून्य-एक्स-20000 जोडलं की वाचतानाच क्रम पालटतो. पुन्हा प्रत काढली, संगीत स्वच्छ. ओरखडे असलेल्या डिस्कला पंचवीस मिनिटं लागली, बाकीच्यांना आठ-दहा.

प्रतीसोबत मिळणाऱ्या टीओसी (डिस्कची मांडणी) फाइलीची क्यू फाइल टॉकटूक्यू हा प्रोग्राम करतो. पुढे सीएचडीमॅनने बिन आणि क्यू मिळून दाबलेली एकच सीएचडी फाइल केली. ते मेम-टूल्स पॅकेजात येतं. जागा वाचते, आणि क्यूमधल्या नावांची ती सगळी भानगड संपते, हे जास्त मोलाचं.

मंगळवार, 2 डिसेंबर

संध्याकाळी सव्वासातला लाइट गेली. "लाइट गयी भो" असा ओरडा झाला, आणि परत आल्यावर कळलं की तासाभराचं सेव्ह नाही. गेममध्ये सेव्ह केलं होतं, तरी नाही. रेट्रोआर्क बॅटरीवाल्या कॅसेटचं सेव्ह आधी मेमरीत ठेवतं आणि गेम बंद करतानाच डिस्कवर लिहितं. सेटिंग्जमध्ये सेव्हिंग, तिथे सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल. मूळ स्थिती बंद, आम्ही 10 सेकंद केली. आपल्या भागात ही सेटिंग पहिल्याच दिवशी करावी, मी तर जॉयपॅडच्याही आधी सांगेन.

सेटिंगचंही तसंच. कॉन्फिग फाइल बाहेर पडताना लिहिली जाते. काही बदललं की कॉन्फिगरेशन फाइलमधून लगेच "सेव्ह करंट कॉन्फिगरेशन" करा. सोबत वाचनालयातला जुना यूपीएस जोडला, बॅटरी नवी. मशीन आणि टीव्ही मिळून सहा-सात मिनिटं निघतात, तेवढ्यात नीट बंद होतं.

रविवार, 7 डिसेंबर

ऑटो लॉगिन लावलं. खेळता खेळता दहा मिनिटांनी पडदा काळा व्हायचा, कारण पॅडचं बटण दाबणं म्हणजे कोणी मशीनवर आहे असं डेस्कटॉपला वाटत नाही. पॉवर मॅनेजरमध्ये पडदा बंद होणं आणि स्क्रीनसेव्हर दोन्ही काढलं. आवाज एचडीएमआयमधून येत नव्हता, पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या प्रोग्राममध्ये कॉन्फिगरेशन टॅबवर "डिजिटल स्टिरिओ एचडीएमआय" निवडलं.

खर्च: एसएसडी 1,250, जुनी रॅम 400, दोन पॅड 700, यूपीएसची बॅटरी 850, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेली एचडीएमआय केबल 150, थर्मल पेस्ट आणि सेल मिळून 110. एकूण 3,460 रुपये. वेळ साधारण 34 तास, त्यातले अकरा-बारा चुका शोधण्यात.

निन्टेंडो 64 सुरू होतो, पण या चिपवर वेग पुरत नाही, तो नाद सोडला. प्लेस्टेशन 2 या मशीनवर करून पाहू नका. मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स यांना हात लावावा लागला नाही, कोअर टाकले आणि चालले. उरलेलं काम एकच: मार्चच्या आत पेटीच्या बाजूला जाळी बसवायची आणि हीटसिंक पुन्हा उघडून बघायचा, कारण उन्हाळ्यात खोलीतच 42-43 अंश असतात.